नावाची जागा

"हॅलो, इमर्जन्सी. काय झालं?"

मी आवाजात जमेल तेवढी अमेरिका आणून विचारलं. बांबूच्या कुडापलीकडे वर्गाच्या मधोमध एका मोड्यावर, म्हणजे बांबूच्या बुटक्या विणलेल्या स्टुलावर, तुलसा दिदी बसली होती. तिच्या हातात एक जुना लाल फोन, माझ्या हातात दुसरा. दोन्ही फोनांच्या वायरी कधीच्या तुटलेल्या होत्या; कुडातून सगळं तसंच ऐकू यायचं. पण बोलायचं ते फोन कानाला लावूनच, असा आमचा नियम होता.

"माझा माणूस पडला," तुलसा दिदी म्हणाली. "आकडी आली." हे ती इंग्रजीत म्हणाली, आणि मी घोकून घेतलं होतं त्यापेक्षा बरं म्हणाली.

"श्वास चालू आहे?"

"चालू आहे."

"त्यांचं नाव काय?"

खट्ट. फोन खाली.

वर्गात हशा पिकला. मी कुडामागून बाहेर आले. तुलसा दिदी मांडीवर हात ठेवून, परीक्षेचा पेपर देऊन झालेल्या मुलीसारखी निवांत बसली होती.

"दिदी, फोन का ठेवलात?"

"तुम्ही नाव विचारलंत, मिस."

"विचारणारच ना. नाव सांगायचं, मग पत्ता सांगायचा. त्याशिवाय गाडी येणार कशी?"

"पण तुम्हाला त्यांचं नाव माहीत आहे. सकाळी त्यांनीच सांगितलं."

"मला आहे माहीत. पण आत्ता मी अमेरिकेतली बाई आहे."

"मग अमेरिकेतल्या बाईला कशाला हवंय माझ्या माणसाचं नाव?"

यावर वर्ग पुन्हा हसला आणि खरं सांगायचं तर मीही हसले. सगळ्यांत जास्त हसत होता तिचा नवराच. पुढच्या बाकावर बसून तो मांडीवर थापा मारत होता. "छबीलाल!" तो स्वतःच ओरडला. "छबीलाल सिवाकोटी! घे की गं! मी परवानगी देतो!"

"तुम्ही गप्प बसा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

ही गोष्ट नेपाळमधली. पूर्वेकडे झापा जिल्ह्यात दमक नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास तेव्हा भूतानमधून परागंदा झालेल्या नेपाळीभाषक लोकांच्या छावण्या होत्या. नव्वदीच्या सुरुवातीला घरंदारं सोडून आलेली माणसं बांबूच्या झोपड्यांत म्हातारी झाली होती आणि त्यांची मुलं तिथेच बाप्ये झाली होती. परत जायची आशा संपल्यावर कुणी अमेरिका, कुणी ऑस्ट्रेलिया, कुणी कॅनडा असे देश त्यांना घ्यायला तयार झाले. जायच्या आधी काही दिवस त्यांना तिकडचं जगणं शिकवायचं, हे माझं काम. मी मूळची बार्शीची. तिथून उठून थेट तिकडे कशी पोचले, हा प्रश्न मला छावणीत रोज कुणी ना कुणी विचारायचं. मी म्हणायचे, नोकरी मिळाली, आले.

काम मोठं मजेचं होतं. वर्गाच्या एका कोपऱ्यात आम्ही विमानाच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्या विमानात चढण्याआधी प्रत्येक तुकडी झाडून सगळ्या चपला बाहेर काढून ठेवायची. आत देवळासारखं काही आहे असं त्यांना वाटे. मी रोज ओरडायचे, "चपला घालून चढा! तुम्ही उतराल न्यूयॉर्कला आणि चपला राहतील दमकला!" आणि रोज त्यातल्या दोन-चार आज्या दार ओलांडताना खुर्च्यांना हात लावून नमस्कार करायच्या. विजेच्या चुलीत जाळ दिसत नाही म्हणून ती पेटलीच नाही असं समजणारे होते. धुराचा भोंगा वाजला की बाहेर पळायचं असतं, हे शिकवल्यावर "मग सकाळची आरती कुठे करायची?" असं विचारणारे होते. असल्या प्रश्नांना माझ्याकडे काही ना काही उत्तर असायचं. तुलसा दिदीपाशी मात्र माझं घोडं अडलं.

नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या त्या वर्गात बाकीच्याही होत्या. पण त्यांच्या घरात मुलं होती, सुना होत्या. फोन करायला दुसरं कुणी होतं. तुलसा दिदीची एकुलती मुलगी मैयाँ लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला रवाना झालेली. म्हणजे हे दोघं पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्याशा गावात, दार बंद केलं की आवाज बाहेर न जाणाऱ्या घरात, अगदी एकटे राहणार. आणि छबीलाल दाजूंना, दाजू म्हणजे तिकडचे दादा, फेफऱ्याची व्याधी. बोलता बोलता डोळे फिरायचे आणि माणूस जमिनीवर. एकदा ते चुलीवर पडले होते. डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत आकसलेली दिसायची. गोळ्या चालू होत्या. पण छावणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की झटका थांबला नाही तर वेळ दवडायचा नाही, दवाखाना गाठायचा.

छावणीत ते सोपं होतं. तुलसा दिदी झोपडीच्या दारात येऊन "मैयाँचे बा पडले!" अशी एक हाळी द्यायची, की आजूबाजूच्या झोपड्या रिकाम्या व्हायच्या. कुणी डोकं धरायचं, कुणी दाताखाली बोट जाऊ नये म्हणून सगळ्यांवर डाफरायचं, कुणी सायकलवरून डॉक्टरकडे सुटायचं. तिकडे हाळी द्यायची ती त्या फोनमध्येच. आणि फोनमधलं माणूस पहिल्या मिनिटाला नाव विचारणार.

मी सगळे उपाय करून पाहिले. "मैयाँचे बा" हेच नाव म्हणून सांगायचं? पण तिकडे त्यांची औषधं, त्यांची जन्मतारीख, कशाची ॲलर्जी, सगळं छबीलाल या नावावर नोंदलेलं असणार. नाव गिरवायला शिकवावं म्हटलं, तर फोनवर गिरवलेलं दिसणार कुणाला? अडचण तिच्या अकलेत नव्हतीच. पत्ता तिने एका दिवसात तोंडपाठ केला, पिनकोडसकट. 'नेपाळी, प्लीज' म्हटलं की दुभाष्या मिळतो, हे ती बाकीच्यांना समजावून सांगायची. फक्त नाव विचारलं, की खट्ट.

जायला दोनच दिवस उरले, तशी मी चिडले. वर्ग सुटल्यावर तिच्या झोपडीवर गेले. छबीलाल दाजू शेवटचं रेशन आणायला गेले होते. अंगणात बांबूचे मोडे उलटेपालटे पडले होते. दाजू ते विणून विकत असत. जायच्या आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकेक वाटून टाकायचा त्यांचा बेत होता. तुलसा दिदी पातेली घासत होती. मला बघून तिने हात धुतले, चहाचं आधण ठेवलं.

"चहा नको," मी म्हटलं. "आधी मला सांगा, तुम्हाला दाजू हवे आहेत की नाहीत?"

"असं काय विचारता, मिस?"

"मग एवढ्याशा नावापायी त्यांचा जीव घालवणार आहात का? नाव घेतलं की आयुष्य कमी होतं, हेच ना? आमच्याकडेही म्हणायच्या जुन्या बायका. मी माझ्या नवऱ्याला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नावाने हाक मारली. अरेतुरे केलं. काही होत नाही. सगळ्या मनाच्या समजुती."

ती चुलीत फुंकर घालत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी एकदा घेतलंय नाव."

"कधी?"

"तिकडे, भूतानात. आमच्या गावी, चिराङला." तिने चहाची पूड टाकली, साखर टाकली. बोलणं हळूहळू, कामाच्या मधेमधे चाललं होतं. "संत्र्यांचे दिवस होते. हे मागे बागेत होते. गणवेशातली माणसं आली दारात. त्यातला एक चांगला बोलला, नेपाळीतच. म्हणाला, दिदी, तुझ्या माणसाचं नाव काय? मी गप्प. तो म्हणाला, कागदावर लिहून घ्यायचंय फक्त, सरकारचं काम आहे. माझ्या कडेवर मैयाँ. मला वाटलं, सरकारला नाही कसं म्हणायचं. घेतलं मी नाव."

चहा उतू आला. तिने पदराने भांडं खाली उतरवलं.

"त्यांना घेऊन गेले. पावसाळा लागला तेव्हा परत आले. डोक्याला ही एवढी खोक. तेव्हापासून पडतात." तिने माझ्यापुढे पेला ठेवला. "चहा घ्या, मिस. तुमचा फोन वाजला आणि आतून कुणी गोड आवाजात नाव विचारलं, की मला तोच माणूस दिसतो. मी काय करू?"

इतके दिवस मी जिला अडाणी समजूत म्हणून धोपटत होते, ते हे होतं. मी चहाचा पेला हातात घेतला.

आणि मग मला एकदम आमच्याकडची एक गोष्ट आठवली. आठवली म्हणजे काय, आयुष्य त्यातच गेलेलं. पण इतक्या लांब येऊन ती कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

"दिदी, आमच्या बायका नाव कसं घेतात, सांगू?" मी म्हटलं. "नुसतं नाही घेत. आधी एक ओळ रचतात. फुलाची, देवाची, स्वयंपाकाची, कशाचीही. तिला जुळेल अशी दुसरी ओळ. आणि त्या दुसऱ्या ओळीत नाव गुंफतात. त्याला उखाणा म्हणतात. लग्नात, सणाला, बायका गोल बसतात आणि एकेकीला आग्रह करतात, घे नाव, घे नाव."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. लाजत, पण घेतात."

"आणि आयुष्य?"

"नुसतं नाव घेतलं तर कमी होतं. उखाण्यात घेतलं तर वाढतं."

हे शेवटचं मी तिथल्या तिथे ठोकून दिलं. आमच्याकडे असं कुणी म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण बोलून गेले आणि ते मलाच पटलं.

तुलसा दिदी समोर येऊन बसली. तिच्या डोळ्यांत त्या संध्याकाळी पहिल्यांदाच वर्गातली ती हुशार विद्यार्थिनी दिसली. "तू घे आधी," ती म्हणाली. मिस आणि तुम्ही दोन्ही गळून पडलं होतं. "तुझ्या माणसाचं."

मी पेला खाली ठेवला.

"काय झालं?"

"माझा माणूस नाही आता," मी म्हटलं. "गेला. चार वर्षं झाली."

ती माझ्या लाल कुडत्याकडे, कपाळावरच्या टिकलीकडे बघत राहिली. त्यांच्याकडे विधवा लाल रंगाला शिवत नाहीत. मग तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि अगदी सहज म्हणाली, "मग तुला कसली भीती? तुझ्याचं काय कमी व्हायचं राहिलंय? घे."

एरवी कुणी असं म्हणालं असतं तर मी उठून गेले असते. पण तिच्या तोंडून ते ऐकून मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

नवऱ्याला अरेतुरे करणारी मी, चार वर्षांत त्याचं नाव माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. घरात कुणाच्याच नव्हतं. 'तो असताना', 'हा गेल्यापासून', असंच सगळे बोलायचे. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका उखाण्यांची फेरी धरायच्या, ती माझ्यापाशी आली की क्षणभर अडखळायची आणि पलीकडच्या बाईकडे जायची. कुणाच्या मनात वाईट नसायचं. मला त्रास नको म्हणूनच करायच्या. पण त्या गोलातून मी एकदा उठले ती पुन्हा बसले नाही. बार्शीहून दमकला मी कशी पोचले, त्याचं खरं उत्तर एवढंच होतं.

"घे गं," तुलसा दिदी म्हणाली.

माझा उखाणा लग्नाच्या पहिल्या वर्षीचा होता. वेळेवर घरी यायचं म्हणून माझ्या नवऱ्याला माहीतच नव्हतं. 'आलोच' म्हणायचा आणि मोटरसायकल घेऊन गाव पालथं घालायचा. त्यावरून मी रचला होता, आणि सगळ्या बायका पोट धरून हसल्या होत्या. मी घसा साफ केला आणि मराठीतच म्हटला:

"भाकरी झाली गार, आमटीवर धरली साय,
हेमंतराव 'आलोच' म्हणाले, अजून पत्ता नाय."

"अर्थ सांग."

मी नेपाळीत सांगितला. ती खुदकन हसली. मग हसू ओठांवरच थांबलं.

"अजून पत्ता नाही?"

"नाही," मी म्हटलं. आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी जेवढी रडले, तेवढी अंत्ययात्रेलाही रडले नव्हते. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. पातेल्याच्या राखेचा वास तिच्या हाताला होता. नाव घेतल्याने माझ्यातलं काही कमी झालं नव्हतं. उलट बऱ्याच दिवसांनी कुणीतरी घरी येऊन गेल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात अंगणात रेशनची पिशवी आदळल्याचा आवाज आला. छबीलाल दाजू दारात उभे. "अरे, मिसला रडवलंस?" ते म्हणाले. "अमेरिकेच्या बाईला?"

"तुम्ही गप्प बसा," तुलसा दिदी म्हणाली. "आम्ही गाणं करतोय."

ते तिने दुसऱ्या दिवशी केलं. विमानाच्या खुर्च्यांचा सराव चालला होता, ती उठून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "झालं." मी तिला कुडामागे नेलं. तिचं नेपाळीत होतं. मराठीत आणताना जोडाजोड माझी, पण शब्द जवळजवळ तिचेच:

"संत्री राहिली चिराङला, झोपडी राहिली दमकला,
एक ... तेवढे संगे नेते अमेरिकेला."

नावाच्या जागी ती थांबली, ओठ मिटून नुसतं 'हूं' म्हणाली, आणि पुढे गेली.

एवढा सुंदर उखाणा मी बार्शीच्या कुठल्या हळदीकुंकवात ऐकला नव्हता. "दिदी, नाव?"

"त्याची जागा ठेवली आहे."

"जागा दिसली. नाव कधी घालणार त्यात?"

"घालीन."

"फोनवर घालू या आत्ता? एकदाच?"

आम्ही फोन घेऊन बसलो. काय झालं, श्वास चालू आहे का, सगळं झालं. नाव विचारल्यावर तिने या वेळी फोन ठेवला नाही. ती उखाणा म्हणाली, सुरात, ठसक्यात. नावाच्या जागी 'हूं'.

तिसऱ्या दिवशी सकाळी बस आली. छावणीतून बस निघायची म्हणजे अर्धं लग्न आणि अर्धं मर्तिक. ज्यांना जायचं त्यांच्या गळ्यांत झेंडूच्या माळा, कपाळभर टिळे, आणि खाली उभ्या असलेल्यांचा हंबरडा. छबीलाल दाजूंनी मला एक छोटा मोडा दिला. "यावर बसून फोन घेत जा," ते म्हणाले. मग त्याची वीण घट्ट आहे ना, हे अंगठ्याने दाबून पाहिलं. तुलसा दिदी पायरीपाशी आली आणि वाकून तिने चपला काढायला घेतल्या.

"दिदी! चपला घालून!"

तिने जीभ चावली आणि चपलांसकट चढली. ती खिडकीशी बसल्यावर मी खालून हात वर करून तिचा हात धरला. "नाव," मी म्हटलं. "विसरू नका. तो माणूस आता तिथे नाही. तिथे विचारतील ते त्यांना घेऊन जाण्यासाठी नाही, आणून देण्यासाठी."

"बघू," ती म्हणाली. बस हलली. लांब जाईपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता.

मी आणखी काही तुकड्यांना शिकवलं. हळूहळू झोपड्या रिकाम्या झाल्या, आमचा वर्गही बंद झाला. मी बार्शीला परत आले. सासूबाई एकट्या होत्या, गुडघ्यांनी थकल्या होत्या. मला वेगळं राहायचं नव्हतं. मी एका शाळेत लागले. आम्ही दोघी एका घरात छान राहत होतो. सकाळी एकमेकींना गरम पाणी काढून द्यायचो, संध्याकाळी मालिका बघताना भांडायचो. बोलण्यात तो यायचा, पण नावाने यायचा नाही. दमकमध्ये एकदा घेतलेलं नाव मी पुन्हा घेतलं नव्हतं. इथे ते कुणासमोर घ्यायचं, हा प्रश्न होताच. भिंतीवरच्या फोटोला सासूबाई रोज हार घालायच्या, तेसुद्धा मुक्यानेच.

तुलसा दिदीचं काय झालं, हे मला कळलं नव्हतं. कधी आकडीचा विषय निघाला, की काळजात धस्स व्हायचं.

आणि मग गेल्या हिवाळ्यात, रविवारी सकाळी, मी त्याच मोड्यावर बसून मेथी निवडत होते. फोन वाजला. परदेशी नंबर.

"हॅलो, इमर्जन्सी. काय झालं?" पलीकडून कुणीतरी नेपाळीत म्हणालं आणि खळखळून हसलं.

"दिदी!" मी किंचाळले. मेथी सगळी खाली.

कुणाकुणाकडून विचारत विचारत तिने माझा नंबर मिळवला होता. तिकडे रात्रीचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. मी पहिलं विचारलं ते, "दाजू?"

"आहेत. इथेच बसलेत, संत्रं सोलताहेत. पडले होते ग, नानी. मागच्या महिन्यात. न्हाणीघरात. झटका थांबेचना. शेजारी दार वाजवलं, कुणी नाही. मग मी फोन लावला." नानी म्हणजे बाळ; तिकडे धाकटीला असंच म्हणतात.

"मग?"

"मग काय, तू शिकवलंस तसं. नेपाळी प्लीज म्हटलं. एक माणूस आला फोनवर, आपल्यातलाच. गोड बोलत होता. म्हणाला, दिदी, त्यांचं नाव काय?" ती थांबली. "अगदी तसाच आवाज, नानी. चिराङच्या दारातला. माझा हात खाली यायला लागला."

मी मोड्यावर पुढे सरकले.

"हे खाली पडलेले. तोंडाला फेस. मी म्हटलं, त्या वेळी कडेवर मैयाँ होती म्हणून घाबरले, आता मला कसली भीती. तरी नुसतं नाव तोंडातून निघेना. तेव्हा मी तुझं ते सुरू केलं. संत्री राहिली चिराङला, झोपडी राहिली दमकला..."

"फोनवर? गाऊन?"

"गाऊन! दुसरं येतंय कुठे? एक छबीलाल तेवढे संगे नेते अमेरिकेला!"

ती ते नाव असं मोकळं, खणखणीत म्हणाली, की मला आधी कळलंच नाही काय झालं. कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

"आणि तो माणूस?"

"त्याच्या पलीकडून ती गोरी बाई इंग्रजीत विचारतेय, काय म्हणतेय ती, काय म्हणतेय. तो बोलेचना. मग नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाला, दिदी, पुन्हा एकदा सांगा. मी पुन्हा म्हटलं. छबीलाल. पूर्ण. मग पत्ता सांगितला, पिनकोडसकट. गाडी आली, दोन बायका आणि एक उंच माणूस, गणवेशातले. दारातून आत आले ते 'छबीलाल, छबीलाल' म्हणतच. त्यांच्या गालावर थापट्या मारत होते आणि नावाने हाका मारत होते. आणि ह्यांनी डोळे उघडले."

तेवढ्यात फोन दाजूंनी ओढून घेतला. "मिस! सगळ्या अमेरिकेला माझं नाव कळलं! आता रोज घेते. भाजी चिरताना, भांडताना. कान किटले माझे!"

"तुम्ही गप्प बसा," मागून आवाज आला आणि फोन पुन्हा तिच्याकडे गेला. आम्ही दोघी बराच वेळ हसत होतो, मधेच डोळे पुसत होतो. मग ती म्हणाली, "वाढलं बघ आयुष्य. तू म्हणाली होतीस तसंच."

मी कबूल करणार होते की ते मी ठोकून दिलं होतं. पण तोंडापर्यंत आलेलं गिळून टाकलं. खरं ठरलेल्याला खोटं कशाला म्हणायचं?

"आता तू घे," ती म्हणाली.

"आत्ता?"

"मी घेतलं की नाही? घे. माझ्या लक्षात आहे तुझं. भाकरी गार झाली."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सासूबाई आत पोळ्या लाटत होत्या. लाटण्याचा आवाज येत होता. भिंतीवर त्याचा फोटो, कालचा हार सुकलेला. मी आवाज लहान केला. पण उखाणा लहान आवाजात म्हणता येत नाही, म्हणायला लागलं की तो आपोआप चढतो.

"भाकरी झाली गार, आमटीवर धरली साय,
हेमंतराव 'आलोच' म्हणाले, अजून पत्ता नाय."

आत लाटण्याचा आवाज थांबला होता.

मी फोन कानाशी धरूनच उठले. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. पिठाचे हात अंगापासून लांब धरलेले, चष्मा नाकावर घसरलेला. मला वाटलं, दुखावल्या. मी काहीतरी बोलायला गेले.

"उज्ज्वला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. "काय म्हणलीस गं? परत एकदा म्हण की."

मी परत म्हटलं.